पुढच्या चाकाची ताटली

माझ्या मुलाची मोटारसायकल आमच्या गोठ्यात असते. बैल विकल्यापासून गोठा रिकामाच होता. दावणीची जागा मुलाने सिमेंट घालून सपाट करून घेतली आणि गाडी तिथे उभी केली. तो बोटीवर नोकरीला आहे. एकदा गेला की आठ-नऊ महिने येत नाही. आला की आधी गोठ्यात जातो, मग घरात.

माझे यजमान मुंबईला असतात. घरात मी आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे. गाडीला ते रेडा म्हणतात. मी गोठ्याकडे निघाले की पडवीतून विचारतात, "रेड्याला पाणी दाखवायला चाललीस काय गो?" मी हसते, उत्तर देत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी मामंजींशी समोर उभी राहून कधी बोलले नाही. जेवायला वाढताना, औषध देताना लागेल तेवढंच, आणि तेही दाराआडून. घरात तशी रीत होती. माझा स्वभावही तसाच, म्हणून ती रीत मला कधी जाचली नाही.

गाडीची मात्र मला पहिल्या दिवसापासून भीती वाटते. ती साध्या फटफटीसारखी नाही. लांबच्या प्रवासासाठी म्हणून घेतलेली, उंच आणि जड, पुढे वारा अडवायला काच, मागे दोन्ही बाजूंना बॅगा अडकवायला लोखंडी चौकटी. नुसती उभी असली तरी ती कलंडून अंगावर येईल असं मला वाटतं. आणि खरी भीती तिच्या वजनाची नाहीच. ती माझ्या मुलाला घेऊन जाते, त्याची आहे. बोटीवर असतो तेव्हा मला इतकी काळजी वाटत नाही, हे कोणाला सांगितलं तर हसतील. समुद्र मी पाहिलेला नाही असं नाही, पण तिथे त्याच्याबरोबर माणसं असतात. गाडीवर तो एकटा असतो.

मागे एका सुट्टीत तो फेरीबोटीवर गाडी घालून दाभोळला उतरला आणि पुढे बुरोंडीच्या बाजूला गेला. किनाऱ्याजवळच्या उतारावर रस्त्यात वाळू आली होती, तिथे घसरला. कोपर सोललेलं घेऊन घरी आला आणि मला म्हणाला, पडलो नाही, बसलो. मी हळद लावली. त्या रात्रीपासून माझ्या डोळ्यांसमोर वाळू यायला लागली. मी ती जागा पाहिलेली नाही, तरी दिसायची.

तो बोटीवर गेला की गाडी नुसती ठेवून चालत नाही. पडून राहिली की बॅटरी उतरते, टायर बसतात, चेन गंजते. पहिल्या वेळी तो वाडीतल्या कोणाला तरी सांगून गेला होता, पण त्या माणसाने गाडी चालू करण्याऐवजी लांज्याच्या बाजाराला नेली. मग मुलगा म्हणाला, आई, तूच शिक. मी नको नको म्हटलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, यंत्र म्हणून हाताळलं ते शिलाईचं, तेही पायाचं. पण त्याने मला गोठ्यात नेऊन पाटावर बसवलं आणि एकेक दाखवलं.

आठवड्यातून एकदा गाडी मोठ्या स्टँडवर असतानाच चालू करायची. हिरवा दिवा लागलेला दिसल्याशिवाय बटण दाबायचं नाही, कारण हिरवा दिवा म्हणजे गाडी गिअरमध्ये नाही. इंजिनच्या अंगाला छोटी काचेची खिडकी आहे, तिच्यात दोन रेघांच्या मध्ये तेल दिसलं पाहिजे. तेल खालच्या रेघेखाली गेलं तर गाडी बंद आणि त्याला फोन. टायरमध्ये पायाच्या पंपाने हवा भरायची. चेन रॉकेलच्या ब्रशने घासायची, पुसायची, मग मागचं चाक हाताने उलटं फिरवत आतल्या बाजूने तेल सोडायचं. चाक हातानेच फिरवायचं, गाडी चालू ठेवून कधी नाही. "बोट गेलं तर परत मिळणार नाही," तो म्हणाला, आणि मी तेवढ्यावरच शिकवणी सोडून उठले होते. त्याने पदर धरून परत बसवलं.

मग त्याने पुढच्या चाकावरची भोकाभोकांची ताटली दाखवली. पोलादी, थाळीएवढी, चकचकीत. तिला तो डिस्क म्हणतो. तिला दोन बाजूंनी दोन गुटके धरतात आणि त्यामुळे चाक थांबतं.

"तेल चेनला. फक्त चेनला. या ताटलीला चुकूनसुद्धा नाही. तेलाचा हात लागला तरी साबणाने धुऊन काढायची."

मी विचारलं, लागलं तर काय होतं.

"ब्रेक दाबला तरी गाडी थांबत नाही."

त्याने हे सहज सांगितलं आणि पुढचं दाखवायला लागला. माझ्या मनात मात्र ते वाक्य रुतून बसलं. चेनला तेल घालायच्या दिवशी मी आधी जुन्या लुगड्याचा तुकडा त्या पुढच्या ताटलीवर बांधायची. चेन मागच्या चाकाला, ताटली पुढच्या चाकाला, मध्ये एवढं अंतर, तरी बांधायची. मागच्या चाकालाही तशीच ताटली आहे, थोडी लहान, तिच्यावरही बांधायची. एकदा मुलगा सुट्टीवर आला असताना त्याने ते पाहिलं आणि पोट धरून हसला. म्हणाला, आई, तुला सगळ्याचीच भीती वाटते, मग खरी कुठली आणि खोटी कुठली हे आम्ही ओळखायचं कसं?

त्याचं ते म्हणणं खरंच होतं. मी त्याला रोज काही ना काही सांगायची. अंधार पडायच्या आत ये. ट्रकच्या मागे राहू नकोस. पावसात घाट नको. तो "हो हो" म्हणायचा, जसं देवळातल्या घंटेला माणूस सवयीने हात लावतो. माझ्या भीतीचा आवाज घरात कोणाला ऐकूच येईनासा झाला होता.

गोठ्यातल्या कामालाही मी घाबरतच जायची. पावसाळ्यात गाडीवरचं कव्हर काढायचं तर आधी काठीने सगळीकडून आपटायचं. आमच्या कातळात फुरशी, ते छोटे विषारी साप, फार. एकदा कव्हरच्या घडीतून खरंच फुरसं खाली पडलं आणि माझ्या पायापासून हातभर अंतरावरून भिंतीच्या भेगेत गेलं. त्यानंतर कितीतरी दिवस मी गाडी चालू करताना एक पाय पाटावर उचलून ठेवायची. उंदीर वायरी कुरतडायचे. सीटवर पांढरी बुरशी धरायची. इंजिन चालू झालं की गोठा हादरायचा, आणि स्टँडवरून सुटून ती दारातून निघून जाईल असं वाटून मी मागच्या लोखंडी चौकटीला धरून उभी राहायची. जणू मी तिला थांबवणार होते.

ज्या दसऱ्याची गोष्ट सांगायची आहे, त्या वेळी मुलगा नवरात्रातच सुट्टीवर आला होता. आल्या आल्या त्याने गाडी अंगणात काढली. कोल्हापूरला त्याचे मित्र होते. दसऱ्याच्या सकाळी निघायचं, आंबा घाटाने वर जायचं, मित्रांना घ्यायचं आणि पुढे कर्नाटकात दहा-बारा दिवस फिरायचं, असं ठरलं होतं. दसऱ्याला सीमा ओलांडायची असते, त्यामुळे मामंजींना ते पसंत होतं. 

खंडेनवमीच्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. कोयता, विळे, कुदळ, पहार, घरातली विळी, सगळं घासून, तेलाचा हात फिरवून पडवीत पाटावर मांडायचं. आमच्या दमट हवेत लोखंड तेलाशिवाय टिकत नाही. पावसाळ्याआधी एकदा आणि खंडेनवमीला एकदा, मामंजी स्वतः खोबरेल घेऊन बसतात आणि घरातल्या लोखंडाच्या एकूण एक वस्तूला तेल लावतात. दाराच्या बिजागऱ्या आणि कडी-कोयंडेसुद्धा. तेवढं एक काम ते अजून कोणाला करू देत नाहीत.

त्या दिवशी मुलाने गाडीचं सगळं केलं. काळं झालेलं इंजिनचं तेल तसराळ्यात सोडलं, नवीन ओतलं. गुटके किती झिजलेत ते बॅटरीच्या उजेडात पाहिलं, मला पण दाखवलं, अजून जाड आहेत म्हणाला. चेन ताणली. टायरची हवा पाहिली. संध्याकाळी पाइप लावून गाडी धुतली, झेंडूची माळ घातली, टाकीवर मी हळदकुंकू लावलं. रात्री गाडी अंगणातच राहिली.

सकाळी मी चुलीपाशी होते. वाटेत खायला घावणे हवे होते त्याला. बाहेर मामंजी खोकत होते, काठी आपटत अंगणात फिरत होते, ते नेहमीचंच. मुलगा आंघोळ करून आला, देवाला नमस्कार केला, मामंजींच्या पाया पडला. मग माझ्या. मी त्याच्या हातावर दही घातलं. त्याने जाकीट चढवलं, हेल्मेट घातलं, ब्रेकची मूठ एकदा दाबून पाहिली, ती घट्ट होती. गाडी चालू झाली आणि तो गेला. मी दारातच उभी राहिले. गाडीचा आवाज वरच्या अंगाला गेला आणि देवळापाशी थांबला. गावदेवीला नारळ दिल्याशिवाय आमच्या वाडीतून कोणी लांब जात नाही. देवळात माणसं भेटणार, गुरव गाऱ्हाणं घालणार, थोडा वेळ तो तिथे होता.

मी अंगणातली पाणी सांडलेली जागा झाडायला घेतली. मामंजी पायरीवर बसले होते आणि समाधानात होते.

"पोरांना लोखंडाची कदर नाय," ते म्हणाले, मला नव्हे, अंगणाला. "पुढल्या चाकाच्या ताटलीवर रात्रीत तांबूस गंज चढलेला. तसाच निघालेला हा. मी फडक्याने दोन्ही अंगांनी तेल लावून दिली. आरशासारखी केली."

फडकं पायरीवरच होतं. मी ते उचललं. खोबरेलाचा वास आला.

गाडी पाण्याने धुतली की त्या ताटलीवर रात्रीत तांबूस चढतो, ते मी कितीदा पाहिलं होतं. गाडी दोन पावलं चालली, ब्रेक लागला की तो आपोआप जातो. मामंजींना हे माहीत असायचं काही कारण नव्हतं. त्यांच्या जन्मभरात तेल लावून बिघडलेलं लोखंड त्यांनी पाहिलेलं नव्हतं. मागच्या चाकाची ताटली आतल्या अंगाला आहे, तिथपर्यंत त्यांना वाकता आलं नसणार. पुढची मात्र त्यांच्या समोर होती.

झाडू माझ्या हातातून सुटला. मामंजींनी विचारलं, "काय झालं गो?"  त्यांच्या चेष्टेला मी कधी उत्तर देत नसे, पण खऱ्या प्रश्नाला उत्तर न देता पाठ फिरवली, हे आयुष्यात पहिल्यांदा.

आमच्या वाडीत फोन लागत नाही. तो डोंगरावरच्या मोकळ्या सड्यावर गेलं तर लागतो, आणि सडा चढेपर्यंत मुलगा हमरस्त्याला लागला असता. देवळाकडे धावले असते, पण देऊळ वरच्या अंगाला, चढण. पोचेपर्यंत तो निघाला असता आणि मी त्याच्या पाठीमागे राहिले असते. आणि निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, हे माझ्या हाडात बसलेलं आहे. माझ्या आईने एकदा वडिलांना मागून हाक मारली म्हणून आजीने तिला दोन दिवस ऐकवलं होतं. हेल्मेटमधून त्याला हाक ऐकूही आली नसती, पण मला त्या क्षणी आठवलं ते हे नाही. मला आठवलं की मागून हाक मारली तर त्याचं वाईट होईल.

देवळापासून गाडीरस्ता सगळ्या डोंगराला वळसा घालून खाली येतो. पण आमच्या घरामागून पाखाडी आहे, दगडी पायऱ्यांची वाट, ती कलमांच्या बागांमधून सरळ खाली उतरते आणि पऱ्ह्यावरच्या मोरीपाशी, म्हणजे ओढ्यावरच्या लहान पुलापाशी, त्याच रस्त्याला मिळते. तिथून पुढे रस्त्याला तीव्र उतार आहे, आणि उतार संपतो तो थेट हमरस्त्यावर. तिथे डंपर थांबत नाहीत. कोणीच थांबत नाही.

मी पाखाडीने धावले. धावले म्हणते, पण पाऊस नुकताच ओसरलेला, दगडांवर शेवाळ होतं. एकदा बसले, तळहात खरचटला. फडकं हातात तसंच होतं. निम्म्या वाटेवर असताना वर देवळापाशी गाडी चालू झाल्याचा आवाज आला. तो आवाज मी आठवड्यातून एकदा अगदी जवळून ऐकत आले होते, झोपेतही ओळखला असता. मग तो डोंगराच्या पलीकडे गेला आणि ऐकू येईना. ते सगळ्यात वाईट होतं. आवाज येत होता तोवर तो होता. आवाज गेला तेव्हा मला वाटलं, संपलं. मग पुन्हा आला, जवळून.

मी मोरीवर पोचले आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. कडेला उभी राहिले असते तर त्याला वाटलं असतं, आई बघायला आली आहे, आणि हात हलवून तो निघून गेला असता. दोन्ही हात वर केले. पदर पडला होता. वळणावरून गाडी आली तेव्हा मला कळलं मी काय करून बसले आहे. ज्या गाडीला ब्रेक नाही तिच्यासमोर मी उभी होते.

त्याने मला पाहिलं. हेल्मेटच्या काचेमागे चेहरा दिसला नाही, पण त्याची उजवी मूठ आवळलेली दिसली. गाडीचा वेग कमी झाला नाही. तेवढंच मला दिसलं. मूठ आवळलेली आणि गाडी येते आहे. मला बाजूला व्हायचं होतं. पाय हलले नाहीत. मग मागचं चाक करकरलं, गाडीची शेपूट एका बाजूला गेली, आणि माझ्या शेजारून जाऊन ती रस्त्याकडेच्या जांभ्या दगडाच्या गडग्याला अंग घासत थांबली. आरसा फुटला. तो गाडीवरच होता, एक पाय जमिनीला टेकलेला.

इंजिन बंद झालं. पऱ्ह्याच्या पाण्याचा आवाज यायला लागला.

त्याने हेल्मेट काढलं आणि माझ्यावर ओरडला. एवढ्या मोठ्याने तो माझ्यावर कधी ओरडला नव्हता. अशी मधे येऊन कोण उभं राहतं, दोघंही मेलो असतो, डोकं ठिकाणावर आहे का, असं बरंच बोलला. मी ऐकून घेतलं.  मी नुसतं फडकं पुढे केलं.

त्याला कळेना. मी पुढच्या चाकाकडे बोट दाखवलं.

तो उतरला, वाकला, ताटलीवर बोट फिरवलं. बोट नाकाला लावलं. मग तिथेच चाकापाशी उकिडवा बसला. म्हणाला, "वरून गिअरवरच हळू आलो, ब्रेक लावलाच नव्हता. मला वाटलं घाबरून मूठ नीट दाबली गेली नाही माझी." आणि मग खालच्या उताराकडे पाहिलं. खालून हमरस्त्यावरून एक डंपर जाताना ऐकू आला. आम्ही दोघांनी तो ऐकला.

"देवळापाशी थांबलो होतो तेव्हाच हाक मारायची नाही का," तो म्हणाला. आता आवाज उतरला होता.

"जाणाऱ्याला मागून हाक मारत नाहीत," मी म्हटलं.

तो हसेल असं मला वाटलं. तो हसला नाही.

नंतर म्हणायला लागला, मागचा ब्रेक आहे, हळूहळू जातो लांज्यापर्यंत, गॅरेजमध्ये करून घेतो. मी गाडीची किल्ली काढून घेतली. ती काढायची कशी हे मला त्यानेच शिकवलं होतं. किल्ली मुठीत धरली आणि म्हटलं, "नाही जायचं." ते दटावल्यासारखं नव्हे, रडल्यासारखं झालं असेल. पण तो मोरीच्या कठड्यावर जाऊन बसला.

त्याच्या फोनला मोरीपाशी जेमतेम रेंज आली. त्याने गॅरेजवाल्याला बोलावलं. सणाचा दिवस, तो यायला वेळ लागला. तोवर आम्ही घावणे खाल्ले. मी अर्धाच खाल्ला, त्याने तीन. भूक कशी लागते या मुलांना कोण जाणे.

गॅरेजवाला आला तो आपल्या गाडीवर नवे गुटके आणि एक फवारा घेऊन, झेंडूचं फूल खिशाला लावून. ताटली पाहून म्हणाला, "ब्रेकवर फोडणी द्यायची राहिली काय रे? मोहरी नाय दिसत." मुलाने त्याला काही सांगितलं नाही, चुकून लागलं म्हणाला. गॅरेजवाल्याने जुने गुटके काढून दाखवले. ते तेल प्यालेले होते, कितीही पुसले असते तरी उपयोग नव्हता. त्याने नवे बसवले, ताटली फवाऱ्याने धुतली, कोरडी केली, आणि मुलाला मोरीच्या वरच्या सपाटीवर गाडी चालवून ब्रेक मारायला लावलं. पहिल्या वेळी थोडा लागला. मग जास्त. मग गाडीचं तोंड खाली दबून ती जागच्या जागी थांबायला लागली. मी प्रत्येक वेळी डोळे मिटून घेत होते आणि आवाजावरून ओळखत होते.

निघण्याआधी मुलगा म्हणाला, आजोबांना सांगायला हवं, नाही तर पुढच्या वर्षी परत लावतील, मी असेन नसेन. मी म्हटलं, तू सांगू नकोस. तुझ्या तोंडून ऐकलं तर ते पुन्हा तेलाच्या वाटीला हात लावणार नाहीत. मी सांगेन. तो माझ्याकडे पाहायला लागला. मी मामंजींना काही सांगेन, हे त्याला खरं वाटत नव्हतं. मलाही वाटत नव्हतं. मी त्याला किल्ली दिली.

तो उतारावरून गेला. तळाशी थांबला, पाय टेकला, दोन्ही बाजूंना पाहिलं आणि मग वळला. मी वरून पाहत होते.

घरी आले तर मामंजी पायरीवर होते तिथेच होते. जेवले नव्हते.  मी पान वाढलं, ते मुकाट जेवले. दुपार अशीच गेली. मी दहा वेळा दाराशी गेले आणि परत आले. आतून बोलावं तर शब्द सापडेनात, आणि बाहेर जाऊन समोर उभं राहून बोलायचं तर पाय उचलेनात. मला मोरीवर इतकी भीती वाटली नव्हती. मी बोलले नाही आणि तसंच दडपून टाकलं, तर उद्या काय होईल, ते मात्र दिसत होतं. ते दिसायचं थांबत नव्हतं.

शेवटी चहा घेऊन गेले. कप त्यांच्या शेजारी ठेवला आणि आत न जाता तिथेच उभी राहिले.

"मामंजी, त्या ताटलीला तेल चालत नाही. ती कोरडीच ठेवायची असते."

त्यांनी मान वर केली. मी समोर आहे हे त्यांना आधी समजलं नसावं.

"लोखंड ना ते?"

"लोखंडच. पण ब्रेक तिच्यावरच लागतो. तेल असलं की लागत नाही."

 चहावर साय धरली. अंगणात कोंबडी आली, तिला त्यांनी हाकललं नाही. मग म्हणाले, "सकाळी तू पाखाडीने गेलीस."

मी हो म्हटलं.

"गाठलास?"

"गाठला. नवीन गुटके बसवून गेला. त्याला काही झालेलं नाही."

त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. नखांच्या कडांना सकाळच्या तेलाची चकाकी अजून होती. धोतराला हात पुसला, परत पुसला. मला वाटलं आता ते आत जाऊन पडतील आणि उद्यापासून बोलणार नाहीत. पण त्यांनी काठी ओढून घेतली.

"पोचला काय तो?"

मी म्हटलं, ठाऊक नाही, संध्याकाळी सड्यावर जाऊन फोन करणार होते.

"आत्ताच चल," ते म्हणाले.

सड्यावर चढून त्यांना किती तरी वर्षं झाली असतील. दर थोड्या अंतरावर थांबत होते. मी मागे चालत होते, हात पुढे करून, ते पडले तर धरता यावं म्हणून. वर ऊन कलतं होतं, कातळावर पिवळी फुलं होती, वारा होता. वाटेत ते एकदाच बोलले. म्हणाले, "तुला रोज असंच होतं काय गो? पोटात?" मी म्हटलं, होतं. ते पुन्हा चालायला लागले.

मी फोन लावला. वाजत राहिला. कोणी उचलला नाही. दुसऱ्यांदा लावला. मामंजींनी काठी कातळावर टेकवली ती हलवली नाही. माझ्या मनात आंबा घाटाची सगळी वळणं येऊन गेली, पाहिलेली आणि न पाहिलेली. वाजून वाजून बंद झाला. मग मी तो हातात धरून उभी राहिले, आणि थोड्या वेळाने तोच वाजला.

मुलगा म्हणाला, गाडी बाजूला घेऊन बोलतोय. घाट चढलो, वर धुकं होतं, थांबत थांबत आलो. आता कोल्हापूर जवळ आहे.

मी काही बोलायच्या आत मामंजींनी हात पुढे केला. त्यांनी कधी फोनवर बोलायची हौस केली नव्हती. मी तो त्यांच्या कानाला लावला.

"बाबू," ते म्हणाले, "ब्रेक लागतो ना रे?"

 मी त्यांच्या अगदी जवळ उभी होते, तरी वाऱ्याशिवाय काही ऐकू आलं नाही. मग त्याचा आवाज आला.

"लागतो, आजोबा. दोन्ही लागतात."